गाळीचं दूध

आमच्या घरात दोन माणसं राहतात आणि दोघांनाही बोलता येतं. हे मुद्दाम सांगावं लागतं, कारण तासभर बसलेल्या पाहुण्याला शंका यावी अशी इथली परिस्थिती आहे. मागच्या महिन्यात गॅसची शेगडी दुरुस्त करायला एक माणूस आला होता. बायकोनं त्याला त्या शेगडीची जन्मापासूनची हकिकत अहिराणीत सांगितली, त्याचं गाव विचारलं, गावाकडे यंदा पपई कशी आहे ते विचारलं, त्याच्या आईच्या गुडघ्यांसाठी तेल सुचवलं. दोघं खो खो हसत होते. मी बाहेरच्या खोलीत पेपर तोंडापुढे धरून बसलो होतो. जाताना तो मला म्हणाला, "काकूसना सोभाव बहू मोकया शे." मी मान डोलावली. तो गेल्यावर आत जाऊन विचारलं, "झाली का नीट?"

"झाली," ती म्हणाली आणि ओटा पुसायला लागली.

त्या दिवसाचं आमचं बोलणं एवढंच.

ती रागावलेली नाही. रागावलेलं माणूस आदळआपट करतं, निदान भाजीत मीठ जास्त टाकतं. इथं तसलं काही नाही. जेवण वेळेवर, रक्तदाबाची गोळी पाण्याच्या ग्लासाशेजारी, धुतलेल्या सदऱ्याची घडी कपाटात. नंदुरबारच्या आमच्या कॉलनीत आदर्श जोडपं म्हणून आमचं उदाहरण देतात, कारण या घरातून भांडणाचा आवाज कधी कोणी ऐकलेला नाही. मीही ऐकलेला नाही. कधी कधी वाटतं, एकदा तरी कडाकडा भांडावं हिनं, चार शिव्या द्याव्यात.

ती माझ्याशी का बोलत नाही हे मला माहीत आहे. तेच इथं लिहितोय. लिहून काही सुधारेल अशी आशा नाही. पण मी उभा जन्म शाळेत मराठी शिकवलं, दुसऱ्यांच्या वह्यांत लाल पेन चालवलं, तर एकदा स्वतःचीही वही तपासावी म्हणतो.

आमच्या अहिराणीत ळ नाही. आमची जीभ तिथपर्यंत वळत नाही, मधेच य वर येऊन बसते. शाळा आमची शाया, डोळा डोया, केळं केयं. शेगडीवाल्यानं बायकोचा स्वभाव मोकया म्हटला तो असा. यात काही उणं आहे असं मला कॉलेजात जाईपर्यंत कोणी सांगितलं नव्हतं. आमच्या गल्लीत सगळेच तसे बोलायचे, मास्तरसुद्धा फळ्याला फया म्हणायचे आणि त्यावर शुद्धलेखन लिहून द्यायचे.

कॉलेजच्या शेवटच्या वर्षी आम्ही एक ऐतिहासिक नाटक स्पर्धेला नेलं. मी म्हातारा राजा होतो. शेवटच्या प्रवेशात सिंहासनाचा हात धरून मला म्हणायचं होतं, "प्रधानजी, माझा काळ जवळ आला आहे." तालमीत शंभर वेळा बरोबर म्हटलेलं वाक्य. प्रयोगात मात्र माझा घसा भरून आला, अगदी खराखुरा, डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि तोंडातून निघालं, "प्रधानजी, माझा काय जवय आला आहे." सगळं नाट्यगृह हसलं. मागून कोणीतरी ओरडलं, "काय आला रे जवय?" मला अजून मरायचं होतं, दोन पानं भाषण बाकी होतं. ते मी रडत म्हटलं आणि लोकांनी हसत ऐकलं.

प्रयोग संपल्यावर पुण्याकडून आलेले परीक्षक विंगेत आले. माझ्या खांद्यावर हात ठेवून सगळ्यांसमोर म्हणाले, "ताकद आहे तुमच्यात. पण ही जीभ घेऊन राजा होता येणार नाही. फार तर राजाचा गडी व्हाल." आपण वाईट बोलतोय असं त्यांना वाटलंही नसणार. माझ्या अंगावर अजून जरीचा अंगरखा होता. तो उतरवताना मला इतकी लाज वाटली की कपडेपटाच्या पेटीमागे जाऊन बसलो. त्या लाजेतून मी आजतागायत बाहेर आलेलो नाही, हे आता या वयात कबूल करायला हरकत नाही.

घरी आल्यावर मी ळच्या मागे लागलो. सायकलवरून कॉलेजात जाताना, रेल्वे फाटक उघडायची वाट बघताना, मिरचीच्या पथारीवरून जाताना ठसका लागला तरी, बाळ, फळ, टिळा, सावळा असं घोकत राहायचो. पथारीवर लाल मिरची वाळत घालणाऱ्या बाया माझ्याकडे बघून कपाळाला हात लावायच्या. सहा महिन्यांत जीभ वळली. मग मी अहिराणीच सोडली. घरातही. आई एकदा म्हणाली, "तू ते आते पाव्हनासारखा बोलस." पाहुण्यासारखा बोलतोस. मला ती शाबासकी वाटली.

मराठीचा मास्तर झालो, हौशी नाट्यमंडळ काढलं, लग्न केलं. बायको शहाद्याकडची, ब्राह्मणपुरीची. दहावी झालेली, आणि बोलण्यात अशी की तिच्यापुढे रेडिओ बंद करून ठेवावा. तिला नकला यायच्या. गावातला एसटीचा कंडक्टर, कुंकू विकायला येणारी बाई, तिच्या आत्याचा नवरा जो प्रत्येक वाक्याआधी खाकरायचा, ही सगळी माणसं ती चुलीपुढे बसल्या बसल्या माझ्यासमोर उभी करायची. हातात पीठ, डोक्यावर पदर, आणि आवाज कंडक्टरचा. मी हसून हसून आडवा व्हायचो. आमच्या मंडळात तिच्या पासंगाला पुरेल असं एकही माणूस नव्हतं. हे मला तेव्हाही कळत होतं आणि मी तिला कधी सांगितलं नाही. तिच्या नकला अहिराणीत असायच्या ना.

लग्नाला सहा-आठ महिने झाले असतील, मी तिला मधे मधे थांबवायला लागलो. ती रंगात येऊन सांगतेय, "तो बस जवय ऊना नि..." आणि मी म्हणायचो, "जवय नाही, जवळ. ऊना नाही, आला." ती म्हणायची, "बरं, जवळ आला," आणि पुढं सांगायला लागायची. पण तोवर कंडक्टर निघून गेलेला असायचा. मला वाटायचं, मी तिच्या भल्याचंच करतोय. उद्या शिक्षकांच्या बायकांत उठबस होईल, मुलं होतील, तिला कोणी हसू नये. मी जे सोसलं ते तिच्या वाट्याला येऊ नये. हे सगळं मी मनापासून म्हणत होतो, म्हणूनच ते जास्त वाईट झालं.

मुलगी झाल्यावर मी फर्मान काढलं की पोरीशी कोणी अहिराणीत बोलायचं नाही. बायकोनं तिला अंगाईसुद्धा शाळेच्या पुस्तकातल्या कवितेसारखी म्हटली. आणि तेव्हाच एकदा ती कंटाळून म्हणाली, "पण मले समजतच नही कोठे ळ लावानं." मी तिला युक्ती सांगितली. म्हटलं, "सोपं आहे. आपण जिथं य म्हणतो तिथं ळ म्हणायचं." इतक्या वर्षांच्या मास्तरकीत मी एवढा अर्धवट नियम कोणत्याही विद्यार्थ्याला शिकवला नव्हता. मराठीत खरे यसुद्धा असतात, हे सांगायचं मी विसरलो.

तिनं नियम मनावर घेतला. त्या दिवाळीत माझे तीन सहकारी त्यांच्या बायकांसह फराळाला आले. ही चांगली साडी नेसून चहाचा ट्रे घेऊन आली आणि पाठ केलेलं मराठी बोलली. म्हणाली, "घ्या ना. गाळीचं दूध आहे. साळ मी बाजूला काढली आहे."

क्षणभर कोणाला उलगडा होईना. मग एकाच्या लक्षात आलं की गायीचं झालंय गाळीचं आणि सायीची झालीय साळ. तो म्हणाला, "वहिनी, तलावातला गाळ उपसला की काय आमच्यासाठी?" सगळे हसले. ती माझ्याकडे बघत होती. काय चुकलं हे तिला माझ्याकडून समजून घ्यायचं होतं, नियम मीच दिलेला. मी त्या वेळी गप्प राहिलो असतो तरी चाललं असतं. मी हसलो. सगळ्यांत मोठ्यानं हसलो, म्हणजे मी तिच्या बाजूचा नाही हे त्यांना नीट कळावं. ती ट्रे घेऊन आत गेली आणि ते जाईपर्यंत बाहेर आली नाही. मी म्हटलं, लाजली.

मग तो किस्सा मी सांगत सुटलो. शिक्षकांच्या खोलीत सांगितला, तालमीत सांगितला, लग्नाच्या पंगतीत सांगितला. प्रत्येक वेळी लोक हसायचे. आणि लोक हसतात म्हटल्यावर माझ्यातला नाटककार जागा झाला. मी एक विनोदी एकांकिका लिहिली. प्राध्यापक नवरा आणि खेड्यातली बायको. ती बायको नवऱ्याच्या धाकानं शुद्ध बोलायला जाते आणि प्रत्येक यचा ळ करते. "पाळ धुवा, मग गाळीचं दूध देते." भूमिका केली शहरातल्या एका मुलीनं, जिच्या घरी तीन पिढ्या ळ होता. स्पर्धेत नाटक गाजलं, बक्षिसं मिळाली, आणि नंदुरबारात रविवारी सकाळी त्याचा खास प्रयोग लागला. नाटकात काय आहे हे मी बायकोला सांगितलं नव्हतं. गंमत वाटेल म्हणून.

ती तिसऱ्या रांगेत बसली होती. दिवाळीला आलेल्यांपैकी एकाची बायको तिच्या शेजारीच होती. गाळीचं दूध आलं तसं नाट्यगृह कोसळलं आणि त्या बाईनं हसता हसता हिच्या मांडीवर थाप मारली. मला विंगेतून सगळं दिसत होतं. हिनंही हसल्यासारखं तोंड केलं. पुढं सत्काराच्या वेळी माझ्या हातात माइक आला आणि मी म्हणालो, "या पात्राची खरी लेखिका इथंच, तिसऱ्या रांगेत बसली आहे." चारशे माणसांनी माना वळवल्या. टाळ्या पडल्या. मला वाटत होतं मी तिचा मान करतोय. देवाशप्पथ वाटत होतं.

परत येताना रिक्षात ती बाहेर बघत होती. मग म्हणाली, "लोके बहू हासनात."

मी खुशीत होतो, गळ्यातला हार मांडीवर होता. तरी जीभ गप्प बसली नाही. म्हणालो, "हासनात नाही. हसले."

"हसले," ती म्हणाली.

तिथून पुढं ती माझ्याशी अहिराणीत बोलली नाही. आणि मराठीत काय बोलायचं ते तिच्याकडे फारसं नव्हतंच. जेवण झालंय, पाणी आलंय, फोन येऊन गेला. मला हे कळायला वर्ष-दीड वर्ष लागलं, कारण माझे दिवस तालमीत जायचे आणि घर शांत असलं की लिहायला बरं पडायचं. मी तर मित्रांना सांगायचो की बायको आता छान शुद्ध बोलते. शुद्ध बोलत होतीच. चुका करायला माणसानं आधी बोलावं तर लागतं.

नाट्यगृह मला हसलं, मी हिला हसलो. पण एवढ्यावर भागत नाही. आमच्या शाळेत धडगावकडच्या, सातपुड्यातल्या एक शिक्षिका बदलून आल्या. घरची बोली पावरी, अहिराणी त्यांनी बाजारात ऐकून शिकलेली, मराठी शाळेत. मराठी बोलताना वाक्याचा शेवट त्यांचा जरा वर चढायचा आणि लिंग कधी इकडचं तिकडं व्हायचं. त्या एकदा मला म्हणाल्या, "सर, मला नाटकात काम द्या ना. आमच्याकडे होळीला आम्ही सगळ्यांसमोर नाचतो, गातो. मला भीती नाही वाटत."

मी म्हटलं, "मॅडम, ताकद आहे तुमच्यात. पण उच्चारांचं काय करायचं?" हे वाक्य कुठून आलं ते मला बोलता बोलताच आठवलं होतं. तरी पुरं केलं.

त्या वर्षी आम्ही बुडितावरचं गंभीर नाटक करत होतो. धरणाच्या पाण्यात गेलेली डोंगरातली गावं, तिथली माणसं, त्यांचं दुःख. ती सगळी माणसं आमच्या शहरातल्या नटांनी केली, अंगाला काळा रंग लावून. मॅडमना मी एक भूमिका दिली. गाव बुडताना बघून वाचा गेलेली बाई. सबंध नाटकभर ती एका दगडावर बसून असते, एक अक्षर बोलत नाही. मॅडमनी ती उत्तम केली. वर्तमानपत्रात त्यांचं कौतुक आलं. मी अभिनंदन करायला गेलो तर म्हणाल्या, "सर, माझी आत्या बुडितातली आहे. ती फार बोलते. दिवसभर बोलते. गावाबद्दलच बोलते." आणि जाता जाता, "तुम्ही ऐकायला यायला पाहिजे होतं." त्यानंतर त्या तालमीला आल्या नाहीत. शाळेतही मला बघून दुसऱ्या जिन्यानं जायच्या, पुढं बदली करून घेतली.

मी घरी हे सांगितलं. तक्रार म्हणून सांगितलं, की बघ, एवढी चांगली भूमिका दिली तरी लोकांना किंमत नाही. बायको भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "तुम्हीन तिले बी मुकी करी टाकं."

तुम्ही तिलाही मुकी करून टाकलं. इतक्या वर्षांनी ती माझ्याशी अहिराणीत बोलली होती आणि मी त्या आनंदात वाक्याचा अर्थच घेतला नाही. दुसऱ्या दिवशी वर्गात पोरांच्या वह्या तपासत होतो. एकानं 'माझी शाया' असं निबंधाचं नाव लिहिलं होतं. त्यावर लाल रेघ ओढताना मला तो 'बी' ऐकू आला. तिले बी. मी रेघ अर्धवट सोडली आणि तास संपेपर्यंत खुर्चीवर बसून राहिलो.

त्याच दिवशी घरी जाऊन बोलायला पाहिजे होतं. काय बोलणार? माफी मागायची सवय नव्हती, आणि मागायची तर कोणत्या भाषेत, हेही ठरेना. आज नाही, उद्या बघू, असं करत माझी निवृत्ती आली.

मुलगी पुण्यात असते. तिचं मराठी ऐकून मला अजूनही बरं वाटतं, हा माझा रोग आहे. मायलेकी रविवारी व्हिडिओ कॉल करतात. जेवलीस का, हो, तू जेवलीस का, पाऊस आहे का, नाही. पाच मिनिटांत संपतं. मागच्या उन्हाळ्यात ती आली होती. बायको आतल्या खोलीत बहिणीशी फोनवर बोलत होती. बोलत काय, एका लग्नातल्या वरमाईची नक्कल करत होती. मुलगी दारापाशी उभी राहून ऐकत होती. मग माझ्याजवळ येऊन बसली.

"बाबा, आई काय बोलतेय? मला निम्मं कळत नाही."

मी काहीतरी सांगितलं.

"ती माझ्याशी असं कधीच बोलली नाही," ती म्हणाली. "माझ्याशी बोलताना ती परीक्षेला बसल्यासारखी बोलते. मला वाटायचं आईचा स्वभावच अबोल आहे." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. चाळीशीला आलेली बाई, आपली आई विनोदी आहे हे तिला त्या दिवशी कळलं. मी तिला खरं कारण सांगितलं नाही. माझ्याशी बोलणारं आता तेवढं एकच माणूस उरलं आहे.

आणि आता काळ बघा कसा उलटला. अहिराणीला दिवस आले आहेत. लग्नात डीजेवर अहिराणी गाणी, पोरांच्या मोबाइलवर अहिराणी विनोद, पुण्या-मुंबईतले लोकही त्यावर नाचतात. सहा महिन्यांपूर्वी कॉलेजची चार-पाच मुलं-मुली माझ्याकडे आली. म्हणाली, "सर, आम्हाला अहिराणीत नाटक करायचंय. तुम्ही लिहा. तुम्ही आपल्यातले." मी होकार दिला. वाटलं, देवानं शेवटी एक संधी दिली. अहिराणीत चांगलं नाटक लिहावं, ते हिच्यापुढे ठेवावं, न बोलता सगळं फिटेल.

लिहायला बसलो आणि पहिल्याच पानावर दोन माणसं बोलायला लागली ती मराठीच्या मास्तरांसारखी. आहेच्या जागी शे घातलं होतं, मलाचं मले केलं होतं, बाकी सगळा शाळेचा फळा. मुलांना वाचून दाखवलं. ती माना खाली घालून बसली. एक मुलगी फार अदबीनं म्हणाली, "सर, असं कोणी बोलत नाही." ते मलाही कळत होतं. भाषा माझ्यातून गेली होती. मीच हाकलली होती आणि आता दार उघडून उभा राहिलो म्हणून ती परत येणार नव्हती.

मग मी एक गोष्ट केली जी सांगायला नको वाटते. बायको बहिणीशी फोनवर बोलायला लागली की मी वही-पेन्सिल घेऊन दाराच्या अलीकडे बसायला लागलो. तिची वाक्यं उतरवून घ्यायचो. काय वाक्यं होती. एका श्वासात तीन माणसं, मधेच टोमणा, मधेच उसासा. माझं नाटक भरभर पुढं सरकलं. पंधरा दिवसांत दोन प्रवेश झाले. मुलं खूश झाली. ती मुलगी म्हणाली, "सर, आता जमलं. ही बाई अगदी खरी आहे."

एका दुपारी मी असाच बसलो होतो. ती हसत होती, मग आवाज उतरला. बहिणीनं काहीतरी विचारलं असावं. ती म्हणाली, "काय सांगू तुले. घरमा मानूस शे, पन बोलाले कोनी नही."

मी ते लिहून घेतलं. वाक्य चांगलं होतं म्हणून. दुसऱ्या प्रवेशाच्या शेवटी कुठं बसेल ते मनात ठरवूनही टाकलं. घरात माणूस आहे, पण बोलायला कोणी नाही. पेन्सिल अजून कागदावर होती तेव्हा माझ्या डोक्यात आलं, माणूस म्हणजे मी.

मी ते पान फाडलं. मग सबंध नाटक फाडलं, त्यात माझं असं काहीच नव्हतं. तिचं बोलणं संपेपर्यंत तिथंच उभा राहिलो. ती बाहेर आली, मला तिथं बघून दचकली, जमिनीवरचे कागदाचे तुकडे बघितले आणि न विचारता गोळा करायला वाकली. मी तिला थांबवलं. चाळीस-पंचेचाळीस वर्षांनी मी अहिराणीत तोंड उघडलं. जीभ अडखळत होती, आवाज माझा मलाच परका वाटत होता.

"मन्हं चुकनं," मी म्हणालो. "बठ्ठं चुकनं. तू मन्हासंगे बोल. आपली भाषामा बोल." सगळं चुकलं, आपल्या भाषेत बोल.

ती सरळ उभी राहिली. माझ्याकडे नीट बघितलं. तिच्या चेहऱ्यावर राग आला असता तर मी पाया पडलो असतो. तिथं फक्त थोडी दया होती, अडाण्यासारखं बोलणाऱ्या परगावच्या माणसावर येते तेवढी.

"तुम्ही कशाला त्रास करून घेता," ती म्हणाली. "मला मराठी सगळं कळतं. तुम्ही मराठीतच बोला. तुमच्या तोंडी तेच बरं वाटतं."

मग तिनं कागद गोळा केले आणि ती आत गेली. मी तिथंच उभा होतो. 'सगळं' आणि 'कळतं' हे दोन शब्द मी मनात पुन्हा म्हणून बघितले आणि त्यातला तिचा ळ तपासला. दोन्ही वेळा बरोबर होता.